झल्लाकचा किल्लेदार

भीती वाटायला मला कधी मोठं कारण लागलेलं नाही. श्रीवर्धनला आमच्या परसातली विहीर मला दिवसाढवळ्या भीती दाखवायची. लग्न होऊन बहरीनला आले तेव्हा विमान उतरेपर्यंत मी शेजारच्या अनोळखी बाईचा हात घट्ट धरून बसले होते. असल्या बाईने किल्ल्यात नोकरी धरू नये. पण झल्लाकच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलात रिसेप्शनवर जागा निघाली, नवरा म्हणाला, "घे, इंशाल्ला बरं होईल," आणि पहिल्या दिवशी मी त्या लाल विटांच्या कमानीखालून आत गेले. कमानीत एक उंच, वाळका माणूस भिंतीला तळहात टेकून उभा होता. बाहेर जूनचं ऊन भाजत होतं आणि याच्या डोक्यावर लोकरीची टोपी. मला वाटलं, चक्कर आली असणार.

"अंकल, पानी लाऊं?" मी विचारलं.

"श्श," तो म्हणाला. थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग माझ्या छातीवरचा नावाचा बिल्ला वाचून सरळ मराठीत म्हणाला, "आज बरी आहे."

"कोण?"

"भिंत. काल जरा कुरकुरत होती."

तेच आमचे किल्लेदार. हॉटेलच्या मेंटेनन्सचे सुपरवायझर, वसईचे ख्रिस्ती, साठीला टेकलेले. त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी कुणाला तरी आठवायचं. आम्ही चारपाच मराठी माणसं त्यांना किल्लेदार म्हणायचो. ते ऐकून फिलिपिनो वेटर आणि बंगाली माळीही 'किल्लादार' म्हणू लागले, आणि ते खूश व्हायचे. लोकरीची टोपी ते एसी प्लांटच्या गारठ्यासाठी घालत आणि मग काढायचं विसरत. कमरेला एक छोटी हातोडी, हातात भर दुपारीही टॉर्च. लिफ्टमध्ये कधी पाऊल टाकलं नाही. का, विचारलं तर म्हणायचे, "मी रिपेअर करतो ना, म्हणून."

हॉटेल म्हणजे इटलीच्या उत्तरेकडच्या सपाट मुलखातल्या एका जुन्या किल्ल्याची नक्कल. इथल्या एका श्रीमंत माणसाने तो किल्ला प्रवासात पाहिला आणि त्याला तसाच घरी हवासा वाटला. त्याने इटलीचा आर्किटेक्ट आणला. चार कोपऱ्यांत चार बुरूज, मधे चौक, भोवती खंदक. खंदकात आता क्लोरीनचं निळं पाणी होतं आणि दंडाला फुगे बांधलेली पोरं त्यात डुंबायची. बांधकामाच्या वेळी किल्लेदार ऐन पंचविशीतले इलेक्ट्रिशियन होते. तो आर्किटेक्ट दुपारी मजुरांबरोबर बसून जेवायचा आणि मोडक्या इंग्रजीत मूळ किल्ल्याची गोष्ट सांगायचा. त्याने किती सांगितलं आणि यांनी पुढे किती वाढवलं, याचा हिशेब कुणीच मागितला नाही. किल्लेदार स्वतः इटलीला कधीच गेले नव्हते.

पण सांगायचे असे की काल तिथे जेवून आलेत.

हॉटेलातल्या प्रत्येक जागेला त्यांनी मूळ किल्ल्यातल्या जागेचं नाव ठेवलं होतं. जिम म्हणजे तोफखाना. स्पा म्हणजे धान्याचं कोठार. हाउसकीपिंगच्या चादरी ठेवायची खोली म्हणजे कैदखाना. वॉकीटॉकीवर गंभीर आवाजात यायचं, "तोफखान्यात एसी गळतोय, यल्ला, बादली घेऊन जा." नव्या माणसाला आठवडाभर काही कळायचं नाही, आणि मग तोही तसंच बोलायला लागायचा. मीही एका पाहुण्याला एकदा अनवधानाने सांगून बसले की तुमचा मसाज धान्याच्या कोठारात आहे. तो हसला म्हणून निभावलं.

संध्याकाळी ते पाहुण्यांना किल्ला दाखवत. त्यांच्या कामात हे नव्हतं, पण मॅनेजमेंटला फुकटात गाइड मिळाला होता, कोण नको म्हणेल? गोरे लोक, सौदीहून पूल ओलांडून आलेली कुटुंबं, मनामाचे गुजराती व्यापारी, सगळे त्यांच्यामागून टॉर्चच्या उजेडात चालत. मी काउंटरवरून ऐकायचे. ऐकायचं नाही असं रोज ठरवायचे आणि रोज ऐकायचे.

"या मुलखात दगड नाही," ते सुरू करायचे. "नदीचा गाळ आहे. म्हणून ड्यूकने ठरवलं, विटांचा किल्ला. आमच्या वसईला दगडाचा आहे, पण दगड मुका असतो. वीट बोलते. प्रत्येक विटेवर भाजणाऱ्याचा अंगठा आहे." मग ड्यूकने तो किल्ला शेजारच्या ड्यूकच्या भीतीने बांधला आणि प्रत्यक्षात कोंडलं स्वतःच्या सख्ख्या भावाला. भाऊ उत्तरेच्या बुरुजात. रोज संध्याकाळी तो भिंतीवर ठोकायचा, कुणीतरी उलट ठोकेल म्हणून.

"ऐका," किल्लेदार म्हणायचे आणि टॉर्च बंद करायचे.

सगळे गप्प. आणि भिंतीतून यायचं, ठक. ठक ठक.

तो पाण्याचा पंप होता. सुरू होताना पाइपला धक्का बसायचा, आणि त्याची वेळ किल्लेदारांनीच लावून ठेवली होती. हे मला माहीत होतं. त्यांनी मला पंपही दाखवला होता. तरी उत्तरेच्या बुरुजाकडे मी एकटी कधी गेले नाही.

त्यानंतर त्या किल्ल्याचं काय काय झालं ते यायचं. ड्यूकचं घराणं बुडालं, राजवाड्याचा बारूदखाना झाला. युद्ध संपलं, बारूद गेलं, धान्य आलं. प्लेगची साथ आली, धान्य काढून आजारी माणसं ठेवली. मग पलटण राहिली, मग रेशमाचे किडे पाळले, मग पुन्हा तुरुंग, मग मुलींची शाळा, मग नगरपालिकेचं ऑफिस. आता म्युझियम आहे आणि रविवारी लोक तिथे लग्नं लावतात. "किल्ला जागा सोडत नाही, धंदा सोडतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आपला किल्लाही तसाच आहे, फक्त जरा घाईत, असं ते जोडायचे. आधी मालकाचा महाल, मालकाला कंटाळा आला तेव्हा लग्नाचा हॉल, मग कुठल्या कंपनीचं ट्रेनिंग सेंटर, मग हॉटेल. पाहुण्यांना मात्र ही दुसरी यादी ते कधी नीट सांगत नसत. ऐकणाऱ्याला वाटायचं की ड्यूक, प्लेग, रेशमाचे किडे, सगळं इथेच, झल्लाकला, याच भिंतींत झालं. कुणी थेट विचारलं की हे किती जुनं, तर ते भिंतीकडे बघून म्हणायचे, "पाचशे वर्षं झाली गोष्टीला." गोष्टीला, म्हणायचे. ऐकणाऱ्याला मात्र 'भिंतीला' असं ऐकू यायचं.

एकदाच फसले. एक इटालियन बाई आली होती. तिने गोष्ट पूर्ण ऐकून घेतली, मग नखाने भिंतीवर टिचकी मारली आणि मोठ्याने हसली. "टाइल्स!" म्हणाली. खरंच होतं ते. बोटभर जाडीच्या विटेच्या पट्ट्या, वरून चिकटवलेल्या. मालकाची हौस मोठी, पण घाई त्याहून मोठी होती. किल्लेदार दोन दिवस कामावर आले नाहीत. आले त्याच दिवशी उत्तरेच्या बुरुजात भिंतीपासून हातभर अंतरावर त्यांनी पितळी खांब रोवून मखमली दोर लावला. त्यानंतर कुणा पाहुण्याची टिचकी तिथवर पोचली नाही.

त्यांना भित्रट म्हणायचं की भीती दाखवणारा म्हणायचं, हे मला कधी ठरवता आलं नाही. कोरोनात हॉटेलचं क्वारंटाइन सेंटर झालं आणि मीच पॉझिटिव्ह निघाले. माझी स्वतःची कामाची जागा, आणि मी तिथल्याच एका खोलीत कोंडलेली. मुलगी तेव्हा लहान, घरी नवऱ्याजवळ. रात्र रात्र मला वाटायचं, आता आपण मुलीला बघत नाही. किल्लेदार रोज दुपारी मास्क लावून दारापासून लांब स्टूल टाकून बसायचे आणि बंद दाराला मोठ्याने प्लेगची गोष्ट सांगायचे. आता कुणी आजारी माणसाला प्लेगची गोष्ट सांगतं का? पण त्यांच्या प्लेगमध्ये सगळे बरे होत. न्हावी बरा झाला, न्हाव्याची बायको बरी झाली, म्हातारी नन बरी होऊन द्राक्षं तोडायला गेली.

"कुणीच मेलं नाही?" मी एकदा आतून ओरडले.

बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज आला. "बाय, मी माणसांना घाबरवतो," ते म्हणाले. "मारत नाही."

मी त्या दिवशी पहिल्यांदा जेवले.

पुढे हॉटेल पुन्हा हॉटेल झालं आणि उत्तरेच्या बुरुजात वरच्या मजल्यावर पिझ्झाचं रेस्टॉरंट निघालं. जे मला नंतर कळलं ते इथेच सांगून टाकते. रेस्टॉरंटसाठी मोठ्या सिलिंडरांची रांग बुरुजाच्या पाठीला लागून ठेवली, आणि तिथून गॅसचा पाइप बुरुजाच्या पोकळ भिंतीतून वर नेला. सिलिंडर दिसले तर किल्ल्याची शोभा जाते, म्हणून किल्लेदारांनी त्यांच्यापुढे विटेच्या पट्ट्यांची एक खोटी भिंत उभी केली. इतकी बेमालूम, की बागेतून बघणाऱ्याला तो बुरुजाचाच भाग वाटे. त्यांना त्या कामाचा फार अभिमान होता. मेंटेनन्स आणि किचनच्या दोघातिघांशिवाय हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांच्या डोक्यात ते गॅसचं काम होतं, बुरुजाचं नव्हतं.

मग तो युद्धाचा काळ आला. आभाळातून काय येईल याची भीती आम्ही बातम्यांत दुसऱ्या देशांत पाहिली होती, ती आमच्या डोक्यावर आली. भोंगे वाजू लागले. फोन एकदम सगळे मिळून किंचाळायचे, काउंटरवरचे, खिशातले, पर्समधले. शाळा ऑनलाइन झाल्या. माझा नवरा सित्राला रिफायनरीच्या भागात कामाला, आणि लोक हमखास माझ्यापुढेच म्हणायचे की पहिला नेम तिथेच असणार. कंपनीची बस त्याला सकाळी घेऊन जायची आणि मी बस वळेपर्यंत खिडकीत उभी राहायचे. मुलीला एकटी घरी ठेवायचा धीर होईना, म्हणून मी तिला हॉटेलात आणायचे. काउंटरच्या मागच्या खोलीत ती लॅपटॉपवर शाळा करायची.

मजा बघा, हॉटेल भरलं होतं. मनामातली कुटुंबं शहरापासून दूर म्हणून झल्लाकला येऊन राहिली होती. "ओल्ड फोर्ट," एकजण दुसऱ्याला सांगायचा, "सॉलिड वॉल्स." मोठे मॅनेजर परदेशात अडकले होते. ड्यूटी मॅनेजर मंगळूरचा तरणा मुलगा, नुकताच लागलेला, चांगला होता. घाबरला होता, पण चेहऱ्यावर येऊ देत नव्हता. त्याने सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना सांगितलं, भोंगा झाला की पाहुण्यांना उत्तरेच्या बुरुजात न्यायचं. खिडकी नाही, भिंती दोन हात जाड, पाचशे वर्षं टिकलेल्या. त्याने लागल्या लागल्याच किल्लेदारांबरोबर संध्याकाळची फेरी केली होती आणि त्याला ती पाठ होती. आम्ही माना डोलावल्या. इमारत कधीची आहे हे आम्हाला माहीत नव्हतं का? होतं. इटालियन बाईची टिचकी मी स्वतः ऐकली होती. पण भीतीच्या वेळी मनाला जाड भिंत हवी असते आणि ती किल्लेदारांनी आम्हाला वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी दिली होती. 'नको' असं माझ्याही तोंडून निघालं नाही.

किल्लेदार मीटिंगला नव्हते. पंपाचा एक भाग जळाला होता, तो दुरुस्त करून आणायला ते तुबलीच्या गॅरेजात गेले होते.

भोंगा दुपारी चारच्या सुमारास झाला. मी मुलीचा हात धरला आणि पळाले. चौकातून सगळे बुरुजाकडे धावत होते, स्विमिंगच्या कपड्यांतली पोरं, व्हीलचेअरवरची एक अरब आजी, एप्रन घातलेले कुक. गोल खोलीत आम्ही दाटीवाटीने उभे राहिलो. मखमली दोर कुणीतरी पायाखाली तुडवला. दार बंद झालं. दूर कुठेतरी धप्प असा आवाज आला आणि पायाखालची फरशी हलली, की माझेच पाय हलले, सांगता येत नाही. मी नवऱ्याला फोन लावत होते. लागत नव्हता. पुन्हा लावत होते. आजी पुटपुटत दुआ करत होती, मीही करत होते, आणि शब्द मधेच विसरत होते. लोक भिंतीला हात लावून उभे होते, पाठ टेकून उभे होते. माझ्या शेजारचा एक माणूस आपल्या बायकोला हिंदीत सांगत होता, "डर मत. इसमें ड्यूक का भाई बीस साल जिंदा रहा."

दार धाडकन उघडलं. किल्लेदार. टोपी कपाळावर आलेली, एका हातात पंपाचा तो भाग, अजून तेलकट.

"बाहेर!" ते ओरडले. "सगळे बाहेर! आऊट, आऊट, बर्रा!"

कुणी हललं नाही. बाहेर आभाळात आवाज होत होते आणि हा माणूस बाहेर चला म्हणत होता.

"अंकल, प्लीज, दरवाजा बंद कीजिए," ड्यूटी मॅनेजर म्हणाला.

"इथे कुणी आणलं यांना? लाँड्रीत चला, खाली. यहाँ नहीं!"

"यही तो सबसे सेफ है. आप ही ने तो बताया."

मी किल्लेदारांचा चेहरा पाहिला. एवढ्या वर्षांत मी त्यांना पुष्कळांना घाबरवताना पाहिलं होतं, त्यांना स्वतःला घाबरलेलं प्रथमच पाहिलं. त्यांचा खालचा ओठ लटलटत होता.

"झूठ है," ते म्हणाले. आवाज फुटला. "सब झूठ है. मी बांधलाय हा. माझ्या हातची वायर आहे यात. पाचशे वर्षं नाही, काही नाही. ये दीवार खाली है."

कुणीतरी चिडून म्हणालं, ही चेष्टेची वेळ नाही. कुणी म्हणालं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. इतकी वर्षं त्यांनी इतकं चांगलं सांगितलं होतं की आता खरं सांगायला त्यांच्याजवळ आवाजच उरला नव्हता. ते गर्दीत मला शोधत होते. मी दिसले.

"बाय, तू तरी ऐक गं," ते मराठीत म्हणाले. "मागे गॅस आहे. सिलिंडर आहेत सगळे. पाइप ह्या भिंतीत आहे."

मला ऐकू आलं. कळलंही. पण माझे पाय उचलले जाईनात. दाराबाहेर आभाळ होतं आणि माझ्या पाठीला भिंत होती, आणि शरीर कुणाचं ऐकत नाही.

तेव्हा त्यांनी पंपाचा भाग खाली टाकला, कमरेची हातोडी काढली आणि लोकांना ढकलत भिंतीपाशी गेले. रोज सकाळी ज्या किल्ल्याला तळहात लावायचे त्याच्याच भिंतीवर त्यांनी सगळी ताकद लावून हातोडी मारली.

बायका किंचाळल्या. विटेच्या पट्ट्या बिस्किटासारख्या तुटून खाली पडल्या. दुसरा घाव, तिसरा. मागचा पांढरा बोर्ड फाटला. त्यांनी हात आत घातला आणि बोर्डाचा मोठा तुकडा ओढून काढला, त्याबरोबर पिवळट कापसाचे पुंजके बाहेर आले, आणि आतल्या अंधाऱ्या पोकळीत पिवळा पाइप दिसला. पिवळा पाइप कशाचा असतो हे बहरीनमध्ये प्रत्येक स्वयंपाकघराला माहीत आहे. एप्रन घातलेला कुक सगळ्यांत आधी ओरडला, "गॅस!"

"मम्मा," माझी मुलगी म्हणाली, "इट्स जस्ट कार्डबोर्ड."

मग सगळे पळाले. व्हीलचेअर ड्यूटी मॅनेजरने आणि कुकने उचलली. किल्लेदार पुढे, हातातली टॉर्च हलवत, मालाच्या ट्रॉल्यांसाठी केलेल्या उतारावरून आम्हाला मुख्य इमारतीखालच्या लाँड्रीच्या बोळात घेऊन गेले. तिथे किल्ल्याची काही शोभा नव्हती. राखाडी भिंती, ट्यूबलाइट, साबणाचा वास, चादरींचे ढिगारे. लोक आत आले आणि उभेच राहिले. कुणी भिंतीला टेकेना. एकदा पोकळ निघालेली भिंत पाहिल्यावर माणूस कुठे टेकणार? दोघेतिघे तर पुन्हा उताराकडे वळले, गाडीने निघून जातो म्हणाले. बाहेर पुन्हा धप्प झालं, पहिल्यापेक्षा जवळ.

किल्लेदार उताराच्या तोंडाशी आडवे उभे राहिले. मग सावकाश आत आले आणि तिथल्या भिंतीवर थाप मारली.

"ही काँक्रीटची आहे," ते हिंदीत म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ओठ आता लटलटत नव्हता. "ह्यात अंगठ्याएवढ्या सळ्या आहेत. दुहेरी जाळी. माझ्यासमोर ओतलीय ही, तीन दिवस ओतत होते. वरून अख्खा किल्ला पडला तरी हिला काही होणार नाही. बसा."

एवढंच. ड्यूक नाही, भाऊ नाही. अरब आजीला तिच्या मुलाने अर्थ सांगितला, आजीने व्हीलचेअर भिंतीला लावायला सांगितली. एकेक करून सगळे बसले. गाडीने निघालेले परत आले. माझी मुलगी भिंतीला पाठ लावून बसली, हाताने तिने एकदा भिंत दाबून पाहिली, आणि थोड्या वेळाने तिथेच चादरींच्या ढिगाला खेटून झोपली. मी तिच्या पोटावर हात ठेवून फोनकडे बघत होते. किल्लेदार समोर फरशीवर बसले होते, टोपीवर विटेची लाल भुकटी, उजव्या हाताच्या बोटांतून रक्त येत होतं. मी रुमाल दिला. त्यांनी तो बांधला नाही, नुसता धरून ठेवला.

कितीतरी वेळाने नवऱ्याचा फोन लागला. "मी बसमध्ये आहे," तो म्हणाला, "तू का रडतेस?" मग भोंगा संपल्याचा मेसेज आला आणि आम्ही वर आलो. बुरूज जागेवर होता. झल्लाकला काही पडलं नव्हतं. समुद्र नेहमीसारखा सपाट होता आणि खंदकात कुणाचा तरी रबरी हंस तरंगत होता.

बुरुजातल्या भोकावर दुसऱ्या दिवशी जाहिरातीचा फ्लेक्स लावला. पाहुण्यांपैकी कुणीतरी आभारही मानले म्हणे, पण जास्त जणांनी विचारलं की तुमचा जुना किल्ला असा कसा? मोठे मॅनेजर परत आले, त्यांनी किल्लेदारांना आत बोलावून दार लावून घेतलं. व्हिसा संपत आलाच होता, तो पुढे वाढवायचा नाही असं ठरलं. सिलिंडर मात्र त्याच आठवड्यात बागेच्या पलीकडे हलवले. किल्लेदार उरलेले दिवस वेळेवर आले, वेळेवर गेले. वॉकीटॉकीवर त्यांचा आवाज यायचा, "जिममध्ये एसी गळतोय." जिम म्हणायचे. कमानीतून येताना त्यांनी भिंतीला हात लावलेला मी पुन्हा पाहिला नाही. संध्याकाळी पाहुणे विचारायचे, टूर आहे का? ते म्हणायचे, "खलास."

घरी वेगळंच चाललं होतं. भोंगे आणखी काही दिवस येत राहिले, आणि माझी मुलगी, माझीच मुलगी ती, झोपेना. प्रत्येक भिंतीवर टकटक करून बघायची. बापाला विचारायची, आपली भिंत लाँड्रीच्या भिंतीसारखी आहे का? तो म्हणायचा, "अगदी तश्शीच आहे, सळ्या आहेत आत." मग ती हात भिंतीला लावून झोपायची. जगातली एकच भिंत तिने मानली होती आणि बाकीच्या तिच्याशी ताडून बघत होती.

किल्लेदारांना एअरपोर्टवर सोडायला आम्ही तिघं गेलो. नवरा गाडी लावायला गेला, मुलगी ट्रॉली आणायला धावली. मी आणि ते दाराशी उभे. डोक्यावर टोपी नव्हती, त्यामुळे ते मला कुणी दुसरेच वाटत होते. काहीतरी बोलायचं म्हणून, आणि मनापासूनही, मी म्हणाले, "तुम्ही नसता तर आमचं काय झालं असतं? ती लाँड्रीची भिंत तुम्हाला माहीत होती म्हणून बरं."

त्यांनी बॅग खाली ठेवली.

"मला कुठं माहीत होती, बाय?" ते हळू म्हणाले. "तो भाग मागाहून खणून बांधला. मी तेव्हा सुट्टीवर, वसईला होतो. आत काय घातलं देव जाणे. तिथे गॅस नव्हता, एवढंच मला माहीत होतं."

"पण तुम्ही सांगितलंत, सळ्या, दुहेरी जाळी..."

"सांगावंच लागलं. पुन्हा वर निघाले होते ना लोक."

त्या भिंतीला टेकून झोपलेली माझी पोर मला दिसली आणि वर आभाळात होणारे ते आवाज पुन्हा ऐकू आले. किल्लेदारांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, बॅग उचलली आणि काचेच्या दारातून आत गेले. ट्रॉली घेऊन मुलगी आली तोवर ते रांगेत दिसेनासे झाले होते.

"व्हॉट डिड अंकल से, मम्मा?" तिने विचारलं. "अबाउट द वॉल?"

मी तिचा हात धरला. जरा घट्टच धरला.

"भिंत मजबूत होती, म्हणाले," मी सांगितलं. "त्यांच्यासमोर ओतलेली."